सातबारा मोजला, घर राहिले

शेतीची कुठलीही योजना निघाली की सरासरीचे आकडे पुढे येतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली ८६ टक्के वहिती खाती दोन हेक्टरांच्या आतली; महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर. पण आपल्याकडे ही गणना मुख्यतः महसुली नोंदींवर उभी असते. खातेफोड करून तीन भावांचे तीन सातबारे झाले, तरी विहीर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आणि सोसायटीचे कर्ज थोरल्याच्या नावावर! उलट, बटईने, म्हणजे पिकाचा वाटा देऊन, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव कागदावर नाहीच. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, या धास्तीने मालक लेखी देत नाही, मग पीककर्जही नाही.

घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वेगळेच चित्र दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या ७७ व्या फेरीत शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, तर पिकांचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याचे घर पिकांपेक्षा रोजगारावर अधिक चालते, आणि धोरणाची चर्चा मात्र हमीभावापाशीच अडून बसते. (हमीभाव नको असे म्हणणे नाही.) अर्थात, ही पाहणी नमुन्याची, तालुक्याचे चित्र तिच्यातून मिळत नाही.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक प्रत्येक घरी जाणारच आहेत. घरात कसायला जमीन किती, स्वतःची की बटईची, आणि शेतात राबणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर आहे का, एवढे तीन प्रश्न तेव्हाच विचारावेत.

— एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)