नवोदयच्या बारावीला वाली कोण? केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवोदय विद्यालय समितीच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद आपल्याकडे असतं, म्हणून प्राचार्य, विभागीय कार्यालय वगैरे पायऱ्या न चढता हे पत्र थेट आपल्याला. मराठीत लिहितोय. पाचवीत असताना नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या सहावी ते बारावीच्या निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा मी मराठीतच दिली होती आणि खेड्यातलं पोर आजही ती मराठीत देऊ शकतं. त्या एका सोयीमुळे माझ्यासारखा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आत शिरला. तेव्हा आपल्या खात्याला मराठी वाचता येतं, असं मी धरून चालतो.

आज मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पाचवीचा वर्ग माझ्याकडे असतो. थोरली मुलगी नवोदयला, बारावी सायन्स. म्हणजे या शाळेत मी स्वतः राहिलो, दरवर्षी नवोदयसाठी पोरं तयार करतो, आणि भेटीच्या रविवारी गेटबाहेर चिवड्याचा डबा घेऊन उभाही राहतो.

जे चांगलं आहे ते आधी कबूल करतो, नाहीतर तक्रारखोर ठरेन. १९८५-८६ साली दोन शाळांवर हा प्रयोग सुरू झाला, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आमच्या अमरावतीला. तमिळनाडूने ही योजना घेतली नाही, ते सोडलं तर आज देशभर साडेसहाशेच्या आसपास नवोदय आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी २८ मंजूर केली. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारची. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ. गरिबाच्या हुशार पोराला शहरातल्या चांगल्या शाळेइतकं मिळावं म्हणून सरकारने एवढा खर्च करावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आत जायची वाट मात्र अरुंद आहे. सहावीला एका शाळेत जागा जास्तीत जास्त ८०. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले निम्मे बुद्धिमत्तेचे. आणि संधी आयुष्यात एकदाच, दुसऱ्यांदा बसता येत नाही. दिवाळी झाली की शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात बसतो. गटात न बसणारी आकृती शोधायची, आरशातली प्रतिमा ओळखायची, दशांश अपूर्णांकांचे गुणाकार. सगळ्यात जास्त वेळ जातो तो उत्तरपत्रिकेतलं वर्तुळ काळं करायला शिकवण्यात. गेल्या वर्षी एका पोराने पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. तो रडायला लागला, ‘गुरुजी, माझं नवोदय गेलं.’ दहा वर्षांचं लेकरू! यादी लागली की गावात फ्लेक्स लागतो, त्यावर सरपंच आणि तालुक्याच्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे आणि निवड झालेलं पोर खाली कोपऱ्यात. ज्याचं नाव यादीत नसतं ते दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गात येऊन बसतं. इतक्या लहान वयात अशी चाळणी लावावी का, याबद्दल माझं मन स्वच्छ नाही. पण लावलीच आहे, तर निवडलेल्यांना शेवटपर्यंत नेण्याची जबाबदारीही आली. ती नववी-दहावीपर्यंत बरी पाळली जाते. अकरावीला गाडी रुळावरून घसरते.

अकरावीत काय होतं ते सांगतो. दहावी संपता संपता दुसरी चाळणी लागते. ‘दक्षणा’ ही संस्था २००७ पासून नवोदयच्या मुलांना परीक्षा घेऊन निवडते आणि जेईई-नीट या इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची तयारी फुकट करून घेते. निवडलेली पोरं देशभरातल्या काही ठरावीक नवोदयांत जाऊन दोन वर्षं अभ्यास करतात. बारावीनंतर एक वर्ष थांबणाऱ्यांसाठी पुण्याजवळ खेड तालुक्यात त्यांचं वेगळं संकुल आहे. काम उत्तम आहे, माझ्या ओळखीतला एक मजुराचा मुलगा त्या वाटेने आयआयटीत गेला. पण तिथे जातात ते मोजके. ज्यांच्या बापाची ऐपत असते ते दाखला काढून लातूरचे क्लासेस गाठतात. मुलीच्या बॅचमधून असे गेलेले मी बोटावर मोजायला लागलो आणि दोन्ही हातांची बोटं संपली. रिकाम्या जागांवर अकरावीला परीक्षा घेऊन नवी मुलं घेतात, त्यांची घडी बसेपर्यंत दिवाळी येते.

मग मागे राहिलेल्यांचं काय? आमच्या नवोदयात मुलीच्या अकरावीच्या वर्षी फिजिक्सची पीजीटीची, म्हणजे अकरावी-बारावीच्या शिक्षकाची, जागा रिकामी होती. कंत्राटी सर आले, दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागली म्हणून गेले. दुसरे आले ते दिवाळीनंतर. मधल्या काळात गणिताच्या सरांनी जमेल तसं रेटलं. त्या माणसाला मी हात जोडतो, पण रोटेशनल मोशन पोरांनी रात्रीच्या सुपरवाइज्ड स्टडीत एकमेकांना समजावून घेतलं. मुलीने फोनवर सांगितलं, ‘पप्पा, आम्हाला टॉर्क कळला, पण बरोबर कळला का ते विचारायला कुणी नाही.’

आणि ज्यांना टॉर्क नकोच आहे, ते? आमच्याकडे अकरावीला फक्त सायन्स. काही नवोदयांत कॉमर्स आहे, काही ठिकाणी आर्ट्स आहे, आमच्याकडे नाही. मुलीची एक मैत्रीण सहावीपासून इतिहासात पहिली. पानिपतावर बोलायला लागली की एमपी हॉल गप्प बसायचा. ती आज बायोलॉजीच्या वर्गात बेडकाची पचनसंस्था काढते आहे, कारण नवोदय सोडलं तर वसतिगृह सुटतं, आणि घरी गेलं तर शिक्षण.

इथे मला माझी नववी आठवते. नवोदयमध्ये नववीला साधारण ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. ‘मायग्रेशन’ म्हणतात सगळे. मी उत्तर प्रदेशात गेलो होतो. तिथल्या थंडीत पहिले पंधरा दिवस रडलो आणि निघताना पुन्हा रडलो. आता मला सांगा, चौदा वर्षांच्या पोराला सरकार हजार किलोमीटरवर वर्षभर पाठवू शकतं, तर सोळा वर्षांच्या मुलीला शेजारच्या जिल्ह्यातल्या, आर्ट्स असलेल्या नवोदयात दोन वर्षांसाठी पाठवायला काय अडचण आहे? बिछाना तोच, मेस तीच, हाऊसची नावंसुद्धा तीच, अरावली-नीलगिरी-शिवालिक-उदयगिरी. सगळ्या शाळांत सगळ्या शाखा काढा, असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक तीन-चार जिल्ह्यांत मिळून एका ठिकाणी आर्ट्स, एका ठिकाणी कॉमर्स असू द्या आणि बदली हक्काची करा.

आता अर्ज भरण्याबद्दल. दिल्लीत बसून हे दिसणार नाही, म्हणून जरा बारकाईने लिहितो. नवोदयच्या मुलांकडे मोबाइल नसतो, आणि नसावाच. पण जेईई, नीट, केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी या सगळ्यांचे फॉर्म ऑनलाइन आणि ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर. मुलगी कॉम्प्युटर लॅबमध्ये, मागे पंधरा जणांची रांग, बाप रानात पाळी घालतोय, रेंज विहिरीजवळच्या बाभळीखाली येते. ओटीपी दिसेपर्यंत त्याची मुदत संपलेली. हे मी रचून सांगत नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या बापाने त्या दिवशी औत सोडून दिलं आणि बाभळीखाली बसून राहिला.

ओटीपी एकदाचा मिळतो. कागद मिळत नाहीत. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा. आयआयटीच्या प्रवेशाला तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. म्हणजे परीक्षांच्या ऐन धामधुमीत बापाने सेतू केंद्राच्या चकरा मारायच्या. इकडे राज्याच्या सीईटीतून राखीव जागेवर इंजिनीअरिंगला जायचं तर जात पडताळणी हवी. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच शाळेमार्फत करायचा असतो, हे ज्युनिअर कॉलेजच्या क्लार्कला तोंडपाठ असतं. आमच्या शाळेच्या ऑफिसला पालकांनी सांगावं लागलं. शाळा केंद्राची, पोरं राज्याची, आणि फाइल दोघांच्या मधे.

यावर उपाय आपल्या हाताशी आहे. प्रत्येक नवोदयच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तहसीलचे कर्मचारी शाळेत बसवले, तर साठ-सत्तर मुलांचे दाखले जागेवर निघतील. पंधराशे रुपयांच्या मंडपाएवढाही खर्च नाही.

फीचंही तसंच. २०२४ मध्ये नीटचा अर्ज सर्वसाधारण गटाला १,७०० रुपये आणि ओबीसीला १,६०० होता. त्याच्या सोबत जेईई, सीयूईटी, राज्याची सीईटी. राज्याची सीईटी सोडली तर या परीक्षा घेणारी एनटीए आपल्याच मंत्रालयाची, शाळाही आपल्याच मंत्रालयाची. ज्या मुलाला जेवायला घालून शिकवलं, त्याच्याकडून त्याच घराच्या दुसऱ्या खिडकीवर पैसे का घ्यायचे?

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागलेली आहे. आमच्याकडे ‘पुढे काय?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत, जेईई किंवा नीट. तिसरं कुणी सांगतच नाही, कारण सांगायला माणूसच नेमलेला नाही. पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, विज्ञानात खरा रस असलेल्या पोरासाठी त्याहून चांगली जागा कुठली? तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते हे बारावीच्या वर्गात दोघींना माहीत होतं. विधी विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, नागपूरला आहे, पण तिथली प्रवेश परीक्षा, क्लॅट, बारावी चालू असतानाच डिसेंबरमध्ये होऊन जाते. मे २०२५ मध्ये सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ती बातमी नवोदयच्या नोटीस बोर्डावर लागायला हवी होती. पहाटे पाचला उठून पीटी करणाऱ्या, सात वर्षं घराबाहेर राहिलेल्या या मुली एनडीएच्या परीक्षेला बसणार नाहीत तर कोण बसणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका मुलाने सीयूईटी दिली. दिल्लीत अर्थशास्त्र शिकायचं होतं. गणितात उत्तम गुण पडले. पण फॉर्म भरताना त्याने भाषेचा पेपर निवडलाच नव्हता. ज्या विद्यापीठात जायचं होतं तिथे भाषा सक्तीची. फॉर्म भरताना शेजारी जाणता माणूस असता तर एक क्लिक जास्त झालं असतं. तो आता तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करतो आहे आणि हुशार आहे, निभावून नेईल. मला त्याच्याकडे बघवत नाही, कारण पाचवीत वर्तुळ काळं करायला मीच शिकवलं होतं.

म्हणून मागणी अशी की प्रत्येक नवोदयात नववीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन करणारा एक पूर्णवेळ माणूस नेमा. कुठल्या परीक्षेला कोणते विषय, कुठल्या तारखेला कोणता कागद, कुठे शिष्यवृत्ती, हे ज्याचं रोजचं काम असेल असा. कृपा करून ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून ग्रंथपालाच्या किंवा खेळाच्या सरांच्या गळ्यात घालू नका. अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय, हे जनगणना, निवडणूक आणि पोषण आहार सांभाळणाऱ्या शिक्षकाइतकं कुणाला कळणार? आणि पीजीटींच्या जागा जूनमध्ये भरलेल्या असू द्या. कंत्राटी घ्यायचे तर निदान पूर्ण सत्राचा करार करून घ्या.

अधिकारी आपल्याला निकालाचा कागद दाखवतील. २०२५ ला नवोदयचा बारावीचा निकाल ९९ टक्क्यांच्या वर लागला, सगळ्या प्रकारच्या शाळांत अव्वल. खरं आहे आणि अभिमान आहे. पण बारावी पास झाल्यावर कुठलं दार उघडतं, ते आता बोर्डाचा निकाल ठरवत नाही. या नव्या परीक्षा सरकारनेच आणल्या. २०२२ साली सीयूईटी आली तेव्हा शाळा मात्र जुन्याच वेळापत्रकावर राहिल्या.

खासगी क्लासेसवर अंकुश हवा म्हणून आपल्या मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही, वगैरे. चांगलं केलंत. पण क्लासशिवाय होतं हे कुठेतरी करून दाखवायला लागेल आणि त्याला नवोदयसारखी जागा नाही. मुलं आवारातच राहतात, शिक्षकही आवारातच राहतात, संध्याकाळी कुणाला बस पकडायची नसते. फक्त शिकवणारा माणूस जागेवर हवा.

उत्तराची वाट बघेन. तोवर माझी तयारी चालू आहे. येत्या रविवारी भेट आहे. पिशवीत चिवडा, दोन जाड वह्या, पांढऱ्या पार्श्वभूमीचे आठ फोटो आणि जात पडताळणीच्या पावतीची झेरॉक्स आहे. मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांना स्मार्टफोन जमत नाही, तेव्हा त्या मुलीच्या फॉर्मवरही माझाच नंबर टाकायचा ठरलं आहे. क्लॅटच्या तारखेची चिठ्ठीही तिच्यासाठी घेतली आहे. फॉर्मची फी ४,००० रुपये आहे, त्याचं अजून जमायचं आहे.

आपला,
एक माजी नवोदयी, सध्या पाचवीचा वर्गशिक्षक