मेधाला पत्र: तुझ्या कामो नदीतल्या सॅलॅमँडरबद्दल

पुणे, १४ जुलै

प्रिय मेधा,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पूर ओसरल्यावर जपानमधल्या क्योतोत कामो नदीच्या काठावर असा प्राणी दिसावा आणि तुला पहिली माझी आठवण यावी, फार बरं वाटलं. इतकी लोंबती कातडी, म्हणजे तो आजारी आहे का, असं तू विचारलंस. तसं नाही गं. महाकाय सॅलॅमँडर म्हणजे बेडकाच्या नात्यातला, शेपटीचा उभयचर; मोठेपणी तो फुफ्फुसांवर फारसा विसंबत नाही, तो श्वास घेतो कातडीने. दोन्ही कुशींवरच्या त्या झालरींमुळे कातडीचा जास्त पाण्याशी संबंध येतो आणि तिला जास्त प्राणवायू मिळतो. म्हणूनच त्याला थंड, खळाळतं पाणी हवं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि त्याचे हाल सुरू होतात.

वयाचं म्हणशील, तर झीबोल्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने जपानहून नेदरलँड्सला नेलेला एक सॅलॅमँडर अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ पर्यंत जगला, बंदिवासातच ५० वर्षांहून अधिक! चीनमध्ये २०० वर्षांचा सापडल्याची बातमी फिरते, तिला मात्र पुरावा नाही.

प्रकृतीने महाकाय सॅलॅमँडरची जपानी जात चिवट आहे. जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवणारी कायट्रिड बुरशी तिच्या अंगावर सापडते, पण त्या बुरशीने ही जात आजारी पडत नाही. चीनमधल्या पालनकेंद्रांत दाटीने पाळलेले सॅलॅमँडर मात्र रानाव्हायरस नावाच्या विषाणूने मोठ्या संख्येने मेले.

मला सगळ्यात भावतो तो बाप. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात मादी काठाच्या बिळात माळेसारखी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. शेपटी हलवून पाणी खेळतं ठेवतो. मेलेली, बुरशी धरलेली अंडी हुडकून खातो, म्हणजे बाकीची नासत नाहीत. पिल्लं बाहेर पडेपर्यंत, पार वसंतापर्यंत, तो तिथेच असतो.

आणि इथेच मला काळजी वाटते. काठ सिमेंटचे झाले की बिळं जातात, बंधारे आले की वर चढायची वाट तुटते. तरी म्हातारे सॅलॅमँडर पुढे कित्येक वर्षं दिसत राहतात आणि लोकांना वाटतं, नदी ठीक आहे. दीर्घायुष्यामुळे ऱ्हास लपतो. नदीची तब्येत कळते ती पिल्लांवरून. आपल्या मुठेचे काठ बांधताना बघते तेव्हा हेच डोक्यात येतं: तिथल्या बिळांत कोण राहत होतं, याची नोंद तरी कोणी केली का?

कामोतले बहुतेक आता संकरित आहेत. १९७० च्या दशकात खाण्यासाठी आणलेले चिनी सॅलॅमँडर नदीत मिसळले, त्याचा हा परिणाम. तुझा कोणता, हे फोटोवरून सांगता येणार नाही, जनुकीय तपासणीच लागेल. पुन्हा दिसला तर हात लावू नकोस. जपानी जातीला १९५२ पासून विशेष नैसर्गिक वारशाचं संरक्षण आहे, शिवाय चावा जबर असतो. क्योतोच्या मत्स्यालयात हे ठेवलेले आहेत, तिथे एकदा जा आणि नदीत पिल्लं सापडतात का, एवढं माझ्यासाठी विचार.

काकूंचा गुडघा आता बरा आहे, परवाच भेटून आले.

तुझी,
शर्वरी