हुकूम तिसऱ्या माणसाला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुदानच्या युद्धावरचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. रमजानमध्येसुद्धा जे एकमेकांवर गोळ्या झाडतात त्यांच्या धर्मातच काही खोट असली पाहिजे, असा त्याचा सूर होता. पाठोपाठ आम्हा मुसलमानांपैकी एकाचे उत्तर छापून आले की इस्लाम म्हणजे शांती, बाकी सगळे राजकारण. पहिल्या पत्रात माहिती कमी होती, दुसऱ्यात हिंमत.

माझी उमेदीची वर्षे जेद्दाला एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली. सोबत सुदानी पुष्कळ. पश्चिम सुदानातल्या दारफूरकडचा एक जण त्यांच्या ‘जुदिया’बद्दल सांगायचा. दोन टोळ्यांत गुरांवरून किंवा पाण्यावरून रक्त सांडले की तिसऱ्याच टोळीतले वडीलधारे, ज्यांना ते ‘अजावीद’ म्हणतात, मध्ये येऊन बसतात, दोन्हीकडचे ऐकतात आणि भरपाई ठरवतात. त्यांचा शब्द मोडणे ही लाजेची गोष्ट. त्याच दारफूरमध्ये आज काय चालले आहे ते आपण वाचतोच. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, जनरल बुरहान यांचे लष्कर आणि हेमेदती यांचे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. दोन्हीकडे मुसलमान. २०२१ मध्ये याच दोघांनी मिळून सत्ता बळकावली होती. एक कोटीहून जास्त माणसे घराबाहेर पडली. मे २०२३ मध्ये जेद्दाला दोन्ही बाजूंनी नागरिकांना इजा न करण्याच्या कागदावर सह्या केल्या आणि तो कागद तिथेच राहिला.

धर्माने यावर काही सांगितलेच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. उलट फार बारकाईने सांगितले आहे. कुरआनच्या ४९व्या सूरहची नववी आयत म्हणते की श्रद्धावंतांचे दोन गट आपसात लढले तर त्यांच्यात सुलह, म्हणजे समेट, करा. एक गट दुसऱ्यावर अतिरेक करू लागला तर तो अल्लाहच्या हुकमाकडे परतेपर्यंत त्याच्याशी लढा. परतला की दोघांत न्यायाने सुलह करा. मुसलमान कधी आपसात लढणारच नाहीत असा भाबडा दावा इथे नाही. लढतील, हे धरूनच हुकूम दिला आहे. आणि तो दिला आहे बाजूला उभे राहून बघणाऱ्याला, म्हणजे तुम्हा-आम्हाला. आमच्याकडे जुमाच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, पुढची दहावी आयत, ‘श्रद्धावंत तर भाऊ-भाऊ आहेत’ ही, पुष्कळ ऐकू येते. नववी क्वचितच.

ही आयत कोणत्या प्रसंगी उतरली, याबद्दल प्रेषितांचे सोबती हजरत अनस यांची एक हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची आठवण, बुखारी या संग्रहात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) गाढवावर बसून मदिनेतला एक पुढारी अब्दुल्ला बिन उबय याच्याकडे गेले. तो म्हणाला, दूर हो, तुझ्या गाढवाच्या वासाने मला त्रास होतो. त्यावर एक अन्सारी (मदिनेतला मुसलमान) म्हणाला, त्या गाढवाचा वास तुझ्यापेक्षा बरा. झाले! दोघांची माणसे उठली आणि खजुरीच्या फांद्या, हात, चपला यांनी मारामारी जुंपली. म्हणजे ज्या आयतीवर पुढे फौजांच्या लढायांचा कायदा उभा राहिला, तिच्यामागे चपलांची हाणामारी होती. आमच्या मशिदीच्या पायरीवर काय काय घडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही.

बुखारीतच आणखी दोन प्रसंग आहेत. बनू अम्र बिन औफ या घराण्यात भांडण लागले तेव्हा प्रेषित स्वतः तिथे मिटवायला गेले. त्यात इतका वेळ गेला की इकडे नमाजची वेळ झाली आणि हजरत अबू बक्र यांना नमाज पढवायला पुढे उभे करावे लागले. भांडण मिटवताना इमामतीला उशीर झाला तरी चालला! दुसरा प्रसंग कअब बिन मालिक यांचा. उसने दिलेले पैसे ते मशिदीतच मागू लागले, आवाज चढले. प्रेषितांनी आपल्या खोलीचा पडदा सारला आणि कअबना हाताने खूण केली, अर्धे सोड. कअब म्हणाले, सोडले. मग देणेकऱ्याला सांगितले, ऊठ, आता राहिलेले देऊन टाक. तेव्हाचे तेव्हाच, दोघांच्याही पदरात काही पडेल असे. मला हा प्रसंग फार आवडतो.

विरोधी इतिहासही सांगतो, नाहीतर पहिले पत्रलेखक म्हणतील की लपवले. प्रेषितांचे देहावसान ६३२ मधले. पंचवीस वर्षे होत नाहीत तोच, ६५६ मध्ये तिसरे खलिफा हजरत उस्मान मारले गेले. त्याच वर्षी जमलची लढाई झाली, एका बाजूला हजरत अली आणि दुसऱ्या बाजूला प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा. पुढच्या वर्षी सिफ्फीनची लढाई, अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यात. हे धर्म ठाऊक नसलेले लोक नव्हते. ६६१ मध्ये प्रेषितांचे नातू आणि अलींचे पुत्र हजरत हसन यांनी मुआवियांच्या हाती खिलाफत सोपवून लढाई थांबवली, तेव्हा त्यांचेच काही साथीदार त्यांच्यावर चिडले. सुलह करणाऱ्याला घरच्यांचेच टोमणे ऐकावे लागतात, ही रीत तेव्हापासूनची.

त्या काळात साद बिन अबी वक्कास, अब्दुल्ला बिन उमर अशी मोठी माणसे कोणत्याच बाजूने लढली नाहीत. ‘दोन मुसलमान तलवारी घेऊन भिडले तर मारणारा आणि मरणारा दोघेही आगीत’ ही हदीस हजरत अबू बक्रा (वरचे अबू बक्र नव्हेत) यांनी सांगितली, तीही लढाईला निघालेल्या एकाला अडवताना. याचाच आधार घेऊन आमच्याकडे लोक म्हणतात, आपण लांब राहिलेले बरे. पण ते लांब राहिले तलवारीपासून. आम्ही लांब राहतो ते मध्यस्थीपासून, आणि तोंडाने मात्र एका बाजूला असतोच.

आमच्या गावचेच बघा. खाडीकाठी दोन चुलतभावांची घरे. मधल्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) वाद, की चार-पाच हापूसची कलमे अलीकडची की पलीकडची. एकाचा मुलगा कतारला, दुसऱ्याचा मुंबईत, दोघेही फोनवरून तेल ओतणारे. बघता बघता जमातीचे, म्हणजे गावातल्या मुसलमान समाजाचे, दोन तट पडले, ईदची नमाज दोन जागी होऊ लागली. एकाच्या मयताला दुसऱ्याकडचे खांदा द्यायला येईनात. गेल्या पावसाळ्यात कोयती निघाली, एकाच्या हाताला टाके पडले, केस उभी राहिली. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी भाईचाऱ्याची हदीस येते, दुपारी शिव्यांचा व्हॉइस मेसेज. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला हलाल नाही आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो, हे गावातल्या पोरांनाही पाठ आहे. अबोला मात्र वर्षानुवर्षे चालू.

सुलह घडवण्यासाठी इकडचे चांगले बोलणे तिकडे पोचवणारा, त्यात पदरचे थोडे घालणारा, खोटारडा ठरत नाही, अशीही हदीस आहे. आमच्याकडे पदरचे घालून पोचवणारे भरपूर आहेत, फक्त ते चांगले बोलणे नसते.

मी तंटामुक्त समितीवर काही काळ होतो. आर. आर. आबांनी २००७ मध्ये ही मोहीम सुरू केली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कुजबुज होती की हे सरकारी, आपल्याला काय त्याचे. मला तर ती नवव्या आयतीच्या फार जवळची वाटली. पण तिथेच एक धोकाही पाहिला. बक्षिसासाठी तंटा मिटल्याचे दाखवायचे म्हणून गरिबाला गप्प बसवायचे. जमातीतही तेच होते. मार खाल्लेल्या सुनेला ‘सबर कर’ म्हणायचे आणि त्याला सुलह म्हणायचे. आयतीत ‘न्यायाने’ असे स्पष्ट आहे. ‘आपल्या भावाला मदत कर, तो जालिम (अत्याचार करणारा) असो की मजलूम (सोसणारा)’ या हदीसवर लोकांनी विचारले होते, जालिमाला मदत कशी करायची? उत्तर मिळाले, त्याचा हात धरून. हात न धरता नुसते मजलुमाचे तोंड धरणे ही सुलह नव्हे. आणि किरकोळ मारहाणीचा खटला दोघांच्या संमतीने मिटवता येतो, खुनाचा येत नाही, हे कायद्याने ठरवून दिले आहे ते बरेच झाले.

सुदानचे बुरहान-हेमेदती माझे पत्र वाचणार नाहीत. आमच्या जमातीचे लोक वाचतील, आपला पेपर दोन्ही तटांच्या घरी येतो. त्यांना माझे म्हणणे एवढेच. गडग्याची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या आणि मोजणीची फी दोघांपैकी कोणाकडून न घेता जमातीने भरा. दोन्ही घरांतून एकेक माणूस घ्या, कतार आणि मुंबईचे फोन बंद ठेवा. बसायचे ते मशिदीत नको, कोणाच्या पडवीतही नको, शाळेत बसा. मध्यस्थ शेजारच्या गावचे असावेत, आमच्यातला कोणी नको, मीसुद्धा नको, कारण एका घराशी माझी सोयरीक आहे. आणि मोजणीत कलमे ज्याची निघतील त्याने यंदाचा आंबा उतरवायच्या आत दुसऱ्याला काय द्यायचे, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

आपला,
मंडणगड तालुक्यातील एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती, गावात राहायचे आहे.)