मंत्री महोदय, पालकसभेचा फोटो कुठून आणू?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. सोमवारी मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. पालक उद्बोधन सभेला उपस्थिती नगण्य, फोटो अपलोड केलेले नाहीत, सबब आपल्यावर कारवाई का करू नये? खुलासा तीन दिवसांत. जूनमध्ये ही नोटीस काढणाऱ्या कार्यालयातलेच एक साहेब शाळेत आले होते. चहा घेतला, पालकांसमोर म्हणाले, "बाई, दिवाळीच्या आत तुम्हाला तिसरा शिक्षक देतो." दिवाळी गेली, जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची जत्राही उठली. शिक्षक आला नाही, नोटीस तेवढी वेळेवर आली.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. पहिली ते चौथी, पट ७८, शिकवायला आम्ही दोघी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. शाळेतली रिक्त पदं दहा टक्क्यांच्या वर नकोत, असंही त्याच कायद्यात आहे. तिनातलं एक रिकामं म्हणजे तेहतीस टक्के. की हाही आकडा लिंकवर भरून पाठवू?

या सभेच्या परिपत्रकात 'उदासीन पालक' असा शब्द आहे. आमच्याकडच्या बहुतेक आया विड्या वळतात. रात्री पानं भिजवायची, पहाटे कापायची, दिवसभर सूप मांडीवर. माल मोजून द्यायला गेलं की खराब म्हणून काढलेल्या विड्यांचा पैसा मिळत नाही. सभा ठेवली दुपारी तीनला, कारण वरून वेळ तीच आली होती. दुपारी तीनला उठून आलेल्या बाईचा दिवस बुडतो, तो कोण भरून देणार? एक आई तरीही आली, सूप घेऊनच. सभेत बसून वळत राहिली. शेजारी तिसरीतली लेक पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत होती. मी सहज विचारलं, हजार विड्यांच्या जुड्या किती? तोंड वर न करता म्हणाली, चाळीस. तीच पोरगी वहीत भागाकार मांडताना अडते. हा फोटो मी काढला नाही. काढून अपलोड केला असता तर बालमजुरीची दुसरी नोटीस आली असती, आणि तीही मलाच.

त्या सभेत मी वाचून दाखवायचं होतं की मुलांशी रोज अर्धा तास मनमोकळ्या गप्पा मारा, मोबाइलपासून लांब ठेवा, पौष्टिक आहार द्या. पौष्टिक आहार! शाळेतल्या अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच सरकारने बंद केला आणि लोकसहभागातून बघा म्हणून सांगितलं. लोक म्हणजे कोण, हीच सूपवाली बाई ना? मोबाइलचं तर बोलूच नका. दिवसभर माझ्या हातात तो असतो, 'अतितातडीचे' संदेश बघायला. पोरं विचारतात, बाई, तुम्ही कुठला गेम खेळता?

आणि ज्यांच्याकडे वेळ आहे, पैसा आहे, ते पालक काय करतात? माझ्या भाचीला साडेतीन वर्षांची असताना शाळेच्या मुलाखतीसाठी शिकवणी लावली होती. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे. घेतली. भाची रडली म्हणून प्रवेश नाकारला. त्या शाळेला नोटीस गेल्याचं मी ऐकलं नाही. एकीकडे पोर विड्या बांधतंय, दुसरीकडे इंग्रजी कविता पाठ करून घशाला कोरड पाडून घेतंय. मातीत खेळायचं कोणी, हा प्रश्न तुमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

पहिलीपासून तिसरी भाषा आणायची घाई मात्र झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय काढला, जूनअखेर मागे घेतला. आमच्या वर्गात येऊन विचारलं असतं तर कळलं असतं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत दखनी उर्दू आणि शाळेत मराठी. पहिलीतलं लेकरू 'पाणी' कुठल्या भाषेत मागू म्हणून थांबतं आणि तहानलेलंच राहतं. त्याला मराठीत आणायला मला वर्गात बसावं लागतं. मी वर्गात असते कधी? कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं लिहिली आहेत. बाकीची डझनभर 'माहिती तात्काळ सादर करा' कोणत्या कलमात बसतात?

माझी मुलगी दहावीला होती त्या वर्षी मी उन्हात मतदार याद्या घेऊन जिने चढत होते. ती एकटी अभ्यासाला बसायची, जेवण झाकून ठेवलेलं असायचं. तिच्या शाळेच्या पालकसभेला मीही गेले नाही, रजा नामंजूर झाली होती. म्हणजे तुमच्या परिपत्रकाप्रमाणे मीही उदासीन पालकच. रक्तदाबाची गोळी तेव्हापासून सुरू आहे, ते बिल कुठल्या शीर्षाखाली लावू तेही कळवा.

मागणं फार नाही. सभेची वेळ आम्हाला ठरवू द्या; विडी कारखान्याच्या सुट्टीदिवशी संध्याकाळी बोलावलं तर आया येतात, हे मी पाहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असं कायदाच म्हणतो, मग त्यांना विचारा तरी. तिसरा शिक्षक द्या.

आणि हे पत्र वाचून माझी बदली करायचीच ठरली तर जरूर करा. फक्त माझ्या जागी दुसरी बाई हजर झाल्यावर करा, नाहीतर चार वर्गांना एकटी बाई उरेल आणि पुढची नोटीस तिला जाईल.

आपली,
तूर्तास नोकरीत असलेली एक शिक्षिका,
सोलापूर