परसातली जागा घ्या, पण आधी तिथल्या आजींना विचारा

मा. हाउसिंग मिनिस्टर साहेब,

नमस्कार. ईस्ट लंडनमधून लिहितोय, मनातलं मराठीतच नीट सांगता येतं म्हणून मराठीत, इंग्लिश कॉपी तुमच्या ऑफिसला पाठवतोच आहे.

काऊन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांमागच्या मोठ्या गार्डनमध्ये नवीन सोशल हाउसिंग, म्हणजे कमी भाड्याची सरकारी घरं, बांधायचं म्हटलं की लगेच भांडणं सुरू होतात. माझं मत विचाराल तर बांधा. इंग्लंडमध्ये 10 लाखांहून जास्त कुटुंबं काऊन्सिलच्या वेटिंग लिस्टवर आहेत, लाखाच्या वर कुटुंबं टेम्पररी घरात दिवस काढतायत, पोरांच्या शाळा सारख्या बदलतायत, हे बघवत नाही हो.

पण ही गार्डन उगाच मोठी ठेवलेली नाहीत. 1918 च्या ट्यूडर वॉल्टर्स रिपोर्टने, म्हणजे कामगारांची घरं कशी असावीत यावरच्या सरकारी अहवालाने, शहरात एकरी 12 च घरं असावीत असं सांगितलं, मग काऊन्सिलांनी सरकारी मदतीने घरं बांधावीत म्हणून 1919 चा ॲडिसन कायदा आला, आणि आमच्या इकडची बेकनट्री ही काऊन्सिलच्या घरांची मोठी वसाहत त्याच विचारातून 1921 पासून उभी राहिली, जवळपास 26 हजार घरं, कोंदट वस्त्यांतून आलेल्या कामगारांना मोकळी हवा मिळावी, मागे बटाटे-कोबी लावता यावेत म्हणून. आज तिथे कुणी भाजी लावतं, कुणाच्या गार्डनमध्ये कंबरेएवढं गवत असतं कारण राहणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, त्यांना जिनासुद्धा चढवत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच की ज्यांचं गार्डन, त्यांचा नव्या घरावर पहिला हक्क. गार्डनमध्ये तळमजल्याचं, पायऱ्या नसलेलं छोटं घर बांधा आणि ते आधी त्याच आजींना विचारा, शेजार तोच, डॉक्टर तोच, बसस्टॉप तोच, आणि त्यांचं तीन बेडरूमचं घर लिस्टवरच्या एखाद्या कुटुंबाला जाईल, म्हणजे एका बांधकामात दोन घरांचा प्रश्न सुटतो. त्या नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपवा, जबरदस्ती नको, गार्डन त्यांच्या टेनन्सीचाच, म्हणजे भाडेकराराचाच, भाग आहे. सुरुवात कोपऱ्यावरच्या प्लॉटपासून करा, तिथे रस्ता बाजूलाच असतो, नाहीतर मधल्या घरांमागे बांधायला गेलात की फायर इंजिन आत कसं येणार, ड्रेनेज कुठून नेणार, आणि शेजारचं घर राइट टू बायमध्ये, म्हणजे भाडेकरूला काऊन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायचा जो हक्क आहे त्याखाली, विकलेलं असलं तर त्यांच्या जागेतून वाटच मिळत नाही.

आणि भाडं सोशल रेंटच हवं, म्हणजे सरकारी सूत्राने ठरणारं, बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं. ‘अफोर्डेबल’ म्हणून मार्केटच्या 80 टक्क्यांपर्यंत लावता ते लंडनमध्ये केअररला, क्लीनरला परवडत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटचं, राइट टू बाय. 1980 च्या कायद्यापासून किती घरं हातची गेली बघा. स्कॉटलंडने 2016 ला ते बंद केलं, वेल्सने 2019 ला. इंग्लंडमध्ये निदान या गार्डनमधल्या घरांपुरतं तरी ते कायमचं बंद करा आणि तसं लेखी द्या, म्हणजे जागा सोडणारी माणसं विश्वासाने सही करतील.

आपला,
ईस्ट लंडनमधला एक भाडेकरू