मस्टर जाळलं म्हणून देणं फिटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर ९ डिसेंबरला मी भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाला जाऊन येतो. आपल्या सोलापूरचे हे डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले, आणि १९४२ साली त्याच तारखेला चीनच्या हेबेई प्रांतात वारले, अवघ्या बत्तिशीत. त्याच्या बाराच दिवस आधी, २७ नोव्हेंबरला, टोकियोत जपानी मंत्रिमंडळानं ठराव केला होता की खाणी-बंदरांवर माणूस कमी पडतोय, चिनी मजूर आणा. मग ३८,९३५ जण बोटींत भरले गेले. शेतावरून उचललेले शेतकरी होते, आणि डॉक्टर ज्यांच्या जखमा बांधत होते तसे पकडलेले जवानही. त्यातले ६,८३० मेले. सहांमागे एक.

एवढा नेमका आकडा आला कुठून, हे मला आधी कोडंच होतं. मी स्वतः २८ वर्षं एका कापड गिरणीत टाइमकीपर होतो. भोंगा झाला की मस्टर उघडायचं, खाड्याला लाल शाई. कुणी वारला तर महिन्याच्या उरलेल्या रकान्यांतून आडवी रेघ आणि कडेला 'मयत'. रेघ ओढताना हात जड व्हायचा. पण त्या रेघेवरच त्याच्या बायकोला फंड मिळायचा, म्हणून ती चुकवून चालत नसे.

जपानच्या परराष्ट्र खात्यानं १९४६ साली असंच मस्टर केलं होतं. मजूर राबले त्या १३५ ठिकाणांवरून माहिती मागवली, नावनिशीवार, मयतांसकट. नंतर प्रती जाळल्या, आणि संसदेत वर्षानुवर्षं सांगितलं की असा कागदच नाही, माणसं करारानं आपखुशीनं आली होती. १९९३ मध्ये एक प्रत सापडली तेव्हा कुठे कबुली आली.

आमची गिरणी बंद पडली तेव्हा थकबाकी मागणाऱ्यांनाही 'रेकॉर्ड नाही' हेच ऐकवलं गेलं. मी दोन मस्टरं पिशवीत घालून घरी आणली होती. चोरी म्हणा हवं तर. त्यांवर काही जणांचे पैसे निघाले.

कंपन्यांनी निदान थोडेफार पैसे मोजले. जपानमधल्या हानाओकात ३० जून १९४५ च्या रात्री मजुरांनी बंड केलं होतं. तिथल्या काजिमा कंपनीनं २००० साली तडजोडीत ५० कोटी येन दिले. सरकारनं दमडी सोडली नाही. २००७ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांचे हाल मान्य केले, आणि १९७२ च्या जपान-चीन संयुक्त निवेदनाकडे (त्यात चीननं युद्धभरपाईची मागणी सोडली होती) बोट दाखवून दावा फेटाळला. दोन सावकारांनी आपसात वही मिटवली की हो, मजुरी कुणाची बुडाली?

कंपनी झाली तरी मुकादमच. माणसं आणायचा हुकूम मंत्रिमंडळाचा, तर पहिलं देणंही त्याचंच. नाझी काळातल्या वेठबिगारांचं देणं द्यायला जर्मनीनं पंचावन्न वर्षं लावली, पण सरकार आणि कारखानदारांनी निम्मे-निम्मे घालून १० अब्ज मार्क काढले आणि १६ लाखांवर लोकांपर्यंत पोचवले. माणशी रक्कम किरकोळच. तरी पावतीवर सरकारचं नाव आलं.

आता माझी एक विनंती. स्मारकात शाळांच्या सहली येतात. तिथे डॉक्टरांच्या ९ डिसेंबरच्या शेजारी २७ नोव्हेंबर १९४२ चीही दोन ओळींची पाटी लावावी. पाटी रंगवण्याचा खर्च मी देईन.

– एक निवृत्त टाइमकीपर, साखर पेठ, सोलापूर