लक्ष्मण देशपांडे यांचा आवाज वाचवा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या प्रयोगांच्या कॅसेटी गोळा करून त्यांचे शास्त्रशुद्ध जतन करण्याबाबत

महोदय,

प्रा. लक्ष्मण देशपांडे २२ फेब्रुवारी २००९ रोजी गेले. कलावंत गेला की पुतळा, सभागृहाला नाव, पुरस्कार अशा मागण्या होतात. आम्ही त्यांपैकी काहीच मागत नाही. आम्हाला त्यांचा आवाज हवा आहे. तो चुंबकीय फितीवर आहे आणि फिती खराब होत चालल्या आहेत.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिले आणि त्यांनीच केले. मराठवाड्यातल्या खेड्यातून लंडनच्या लग्नाला निघालेली माणसे, ५२ पात्रे, सुमारे तीन तास, आणि रंगमंचावर एकच माणूस. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. मराठवाडा विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते, पण घराघरात पोचले ते या वऱ्हाडामुळे. संहिता छापलेली आहे. त्यांच्यानंतर संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा उभे केले, हे मोठेच काम झाले. तरीही ‘काय करायलास’ हे कागदावर जसे दिसते आणि मराठवाड्यातला माणूस ते ज्या हेलात म्हणतो, त्यात फार अंतर आहे. एक पात्र वाक्य संपवते आणि दुसरे श्वास घेते, त्यामधला क्षण कागदावर येतच नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तिच्या बोलींचा असा बोलता दस्तऐवज सरकारी संग्रहात असायलाच हवा.

बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रणावर भागत नाही. एकपात्री प्रयोग गावागणिक बदलतो. कुठे हशा लांबतो, कुठे कलावंत वाक्य आखडते घेतो. शिवाय साधी अडचण अशी, की ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. तीन तासांचा प्रयोग दोन कॅसेटींच्या चार बाजूंवर बसतो आणि बाजू पालटताना दर वेळी दोन-चार वाक्ये हातची जातात. ती भरून पाहायची तर दुसऱ्या गावचा, दुसऱ्या तारखेचा प्रयोग हाताशी लागतो. त्यासाठी नाट्यसंस्था, गणेश मंडळे, परदेशांतली महाराष्ट्र मंडळे आणि रसिकांची घरे यांच्याकडे रीतसर आवाहन करावे लागेल.

आता बिघडते काय, ते सांगतो. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे १८ मायक्रॉन जाड असते, ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम १२. इतकी पातळ फीत ताणली जाते, अडकते. वर्षानुवर्षे एकाच अवस्थेत गुंडाळून राहिली की एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरते आणि पुढचे वाक्य आधीच पुसट ऐकू येते. गाण्यात हे झाकून जाते. विनोदात नाही, हशाआधीची शांतता हीच त्याची जागा, आणि नेमकी तीच बिघडते. कॅसेटमधल्या स्प्रिंगच्या पट्टीवरचा नमद्याचा तुकडा गोंद सुकून गळून पडतो, मग फीत तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडला टेकत नाही आणि आवाज दबतो. अशी फीत दुसऱ्या, स्क्रूच्या डबीत घालायची असते. लोक ती वाया गेली म्हणून फेकून देतात.

दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. ती कॅसेट यंत्रात घातली तर हेड घाण होते आणि पुढच्या दहा कॅसेटींना तीच बुरशी लागते. म्हणून गोळा केलेला माल आधी वेगळा ठेवून तपासायचा, मगच यंत्राजवळ न्यायचा. व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटींची स्थिती आणखी अवघड आहे. फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता मिळतात ती जुनी यंत्रे. त्यांचे रबरी पट्टे आणि रोलर कडक झालेले असतात.

फितीवरचा आवाज संगणकात उतरवून घेण्याचे काम कुठे फसते, तेही सांगणे भाग आहे. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेली असते. तिच्याप्रमाणे वाजवणाऱ्या डेकच्या हेडचा कोन जुळवला नाही तर ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात आणि बोलीचा तोराच जातो. दर कॅसेटला हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. आवाज ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये घ्यायचा; तासाला सुमारे २ जीबी, म्हणजे अख्खा प्रयोग ६ जीबीच्या आसपास. चित्रफीत असेल तर एफएफव्ही१ पद्धतीने, काही न गमावता. एमपी३ ऐकवण्यासाठी ठीक आहे, जतनासाठी नाही. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर अजिबात चालवू नये. त्यात टाळ्या आणि हशा गोंगाट म्हणून छाटले जातात. घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप जुळायची: हशा उसळला की यंत्र पातळी खाली ओढायचे आणि पाठचे वाक्य गिळायचे. ते वाक्य वर आणायचे असेल तर वेगळ्या प्रतीवर, हाताने, मूळ फाइलला धक्का न लावता.

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. पुराभिलेख संचालनालय आपल्याच विभागात आहे आणि छत्रपती संभाजीनगरला त्याचे कार्यालयही आहे. तिथे दोन दुरुस्त केलेले डेक, एक व्हीएचएस यंत्र, हलते चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर, आवाज संगणकात घेणारा चांगला ध्वनी-इंटरफेस आणि दोन प्रशिक्षित माणसे द्या. काम संथ चालेल, कारण तीन तासांची फीत तीन तासच वाजते आणि साफसफाई, जुळवणी, नोंदी धरून एका माणसाचा दिवस एका प्रयोगात जातो. एक कळकळीची विनंती: हे काम नगामागे सर्वांत कमी दराच्या निविदेवर देऊ नका. नगाचा दर लावला की कॅसेटी दुप्पट वेगाने उतरवल्या जातात आणि हेडचा कोन कुणी बघत नाही. दर तासावर ठरवा आणि दहातली एक फाइल मूळ फितीशी ताडून पाहा. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या शहरात.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल. संहितेचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०६९ अखेरपर्यंत, वारसांकडे राहतो. तो राहू द्या. त्यांची लेखी संमती घ्या आणि फाइली कार्यालयातच ऐकायला द्या, इंटरनेटवर टाकू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल साठवण करण्याची मुभा मिळाली आहे. विभागाच्या विधिज्ञांनी त्या तरतुदीचा उपयोग कसा करता येईल ते पाहावे.

मूळ कॅसेट देणाऱ्याला परत मिळावी, नव्या डबीत आणि पोचपावतीसह. आतला कागद मात्र आधी स्कॅन करून घ्यावा. त्यावर पेनाने गाव, तारीख आणि ‘बाजू अ’ लिहिलेले असते, आणि पुष्कळदा त्या प्रयोगाची तेवढीच नोंद उरलेली असते.

आपले नम्र,
प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे रसिक